रेडिओवरचं दही

आमच्या घरातला रेडिओ दही लावायच्या कामी येतो. एवढं साधं वाक्य, पण गेल्या जानेवारीत ते माझ्या तोंडातून बाहेर पडायला पंधरवडा लागला. त्या पंधरवड्यात घरात जे काही बिनसलं त्याचं खापर माझ्याच डोक्यावर फोडावं लागेल. दुसरं डोकं शोधून पाहिलं, मिळालं नाही.

रेडिओ वडिलांनी घेतलेला. लाकडी पेटीचा, व्हॉल्व्हचा. आत काचेचे पाच व्हॉल्व्ह. बटण फिरवलं की मिनिटभर काहीच होत नाही, मग डायल पिवळा उजळतो, मग खरखर, आणि अर्ध्या तासात पेटीचा माथा छान कोमट होतो. जबलपूरची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना कळेल, की डिसेंबर-जानेवारीत इथे विरजण लावलेलं दूध सकाळीही दूधच असतं. मी शाळेत असताना कधीतरी आईने त्या माथ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "एवढी गरमी वायाच चालली बापा!" तिने तिथे क्रोशाचा रुमाल अंथरला आणि दह्याचा चिनी मातीचा सट नेऊन ठेवला. तेव्हापासून वडील दह्याखालून येणाऱ्या बातम्या ऐकत. पुढे वडील गेले, त्यांची केंद्रंही एकेक करून गप्प झाली, आणि रेडिओची दही-खात्यात कायमची बदली झाली. आवाज शून्यावर ठेवायचा, संध्याकाळी दोन तास सुरू, कडाक्याची थंडी असली तर तीन. आमची नातवंडं पुण्याहून आली की पणजीला जुन्या वस्तूंचा शौक आहे म्हणून त्या रेडिओशेजारी उभं राहून फोटो काढतात. मी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

आता त्या दह्याबद्दल. आईचं विरजण तिच्या माहेरचं, वर्ध्याकडच्या एका खेड्यातलं. लग्न होऊन येताना आजीने तिला छोट्या डब्यात घालून दिलं होतं. इटारसीला गाडी बदलताना गर्दीत तिची ट्रंक, सासरची माणसं, सगळं इकडेतिकडे झालं, पण डबा तिने पदराखाली धरून ठेवला. वडील तिच्याशी पहिलं वाक्य बोलले ते म्हणे, "हा डबा मी धरू का?" आणि आईचं पहिलं उत्तर होतं, "नाही." त्या दह्यातून दुसऱ्या दिवशीचं दही, त्यातून तिसऱ्या दिवशीचं, असं साठ वर्षांहून जास्त काळ एकही दिवस न चुकता चालत आलं होतं. अर्धी गल्ली तिचं विरजण घेऊन गेली आहे. देताना आईचा एकच कायदा: दिवे लागल्यावर विरजण द्यायचं नाही. समोरच्या घरात पस्तीस वर्षांपूर्वी नवी सून आली, तिला आम्ही सगळे भाभी म्हणतो. ती बिचारी पहिल्यांदा वाटी घेऊन आली तेव्हा नेमका संध्याकाळचा दिवा लागला होता. आईने तिला दारातून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावून दिलं, पण भाभी ते विसरली नाही. आईही विसरली नाही, कारण पुढे पस्तीस वर्षं ती म्हणत राहिली, "तिच्या दह्याला चव नाही. दुधात पाणी घालते."

गेल्या जानेवारीत एका संध्याकाळी बटण फिरवलं आणि डायल उजळलाच नाही. आईने पेटीच्या माथ्यावर तळहात ठेवला, लेकराचा ताप बघावा तसा, आणि म्हणाली, "थंडगार." सकाळी सट उघडला तर वर पिवळं पाणी आणि खाली चमच्याला तार. आईने तेवढ्यातूनच दुसऱ्या दिवसाचं विरजण काढलं, कारण आयुष्यभर जिने दिलं ती मागणार कुणाकडे. बायकोने शाल गुंडाळून पाहिली, गरम डब्यात ठेवून पाहिलं, कणकेच्या पिंपात पुरून पाहिलं. दही लागत होतं, पण रोज आदल्या दिवसापेक्षा वाईट. "हे असं आठ-दहा दिवस चाललं तर जाईल ते," आई म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "माझ्या हातून जाईल." ते मला लागलं. मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस, घरात बसून वर्तमानपत्रातल्या चुका काढण्यापलीकडे मला काम नव्हतं. मी छाती पुढे काढून म्हणालो, "आई, दोन दिवसांत रेडिओ सुरू करून देतो."

राइट टाउनमधल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात रेडिओ ऑटोत घालून नेला. मेकॅनिकने मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं, आत फुंकर मारली. सत्तरच्या दशकातली धूळ त्याच्या चहात पडली. "अंकल जी, वाल्व गया है. अब नहीं मिलता," म्हणून त्याने एका चिठ्ठीवर व्हॉल्व्हचा नंबर लिहून दिला. मग त्याने विचारलं, "वैसे सुनते क्या हैं इस पर?"

आणि इथे मी पहिली चूक केली. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती, एक तर आमच्या जुन्या कचेरीतला. त्यांच्यासमोर मी म्हणणार, की यावर दही लावतो? मी म्हणालो, "विंटेज चीज़ है. मुझे पुराना साउंड पसंद है."

एकदा हे बोलून बसलो आणि मग तेच निभवावं लागलं. चिठ्ठी खिशात घालून चार दिवस शहर पालथं घातलं. मोबाइलच्या दुकानात पोरगेल्या मालकाने चिठ्ठी उलटी-सुलटी करून विचारलं की हा ओटीपी आहे का. एका पंख्याच्या दुकानात म्हणाले की दहा वर्षांपूर्वी आला असतात तर खोकंभर होते, कबाडात दिले. दुसऱ्या दुकानात म्हणाले वीस वर्षांपूर्वी. एकूण सगळ्यांचं म्हणणं एकच, की मी उशिरा आलो, आणि सगळे ते अशा सुरात सांगत की जणू माझ्या आयुष्याबद्दल बोलत आहेत. शेवटी फोनवर जुन्या रेडिओच्या शौकिनांचा एक गट सापडला. तिथे माझं जंगी स्वागत झालं. "आपके कलेक्शन में कितने सेट हैं?" कुणीतरी विचारलं. मी लिहिलं, "फिलहाल एक पर ध्यान दे रहा हूँ." त्यावर अकरा जणांनी हात जोडले. मग पेटी सागवानी आहे का, मागचं झाकण मूळचं आहे का, अशी चौकशी सुरू झाली. मी फोटो टाकला, तर एकाने विचारलं की माथ्यावर तो गोल पांढरा डाग कसला. मी लिहिलं, "समय का निशान." व्हॉल्व्ह मात्र कुणाकडे नव्हता. सुप्रभातचे संदेश अजून येतात.

"अहो, सरळ सांगा ना लोकांना, दही लागत नाही म्हणून," बायको म्हणाली.

"व्हॉल्व्हच्या दुकानात दह्याची गोष्ट काढू?" मी चिडलो. "लोक हसतील."

"हसू दे. हसून झाल्यावर सांगतील तर."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. हे काम मला छान जमतं. पाचव्या दिवशी मेकॅनिकचाच फोन आला, "अंकल, ले आइए, बढ़िया इंतज़ाम हो गया." नेला. दुसऱ्या दिवशी आणायला गेलो तर रेडिओ दुकानात खणखणीत गात होता. आतले व्हॉल्व्ह काढून त्याने नवा बोर्ड बसवला होता. त्यावर मोबाइलची गाणी वाजत होती, घड्याळ होतं, निळे दिवे नाचत होते. जुने व्हॉल्व्ह त्याने पिशवीत घालून दिले, "ये आपका कचरा." आणि मग अभिमानाने माझा हात धरून पेटीच्या माथ्यावर ठेवला. "देखिए. पुराना वाला तवा हो जाता था. अब दिन भर चलाइए, गरम होने का सवाल ही नहीं. बर्फ़!"

मी हात काढून घेतला. पण त्याला काय बोलणार? मी साउंड मागितला होता, त्याने साउंड दिला. बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

घरी आणून टेबलावर ठेवला. गाणं मोठ्याने सुरू, निळे दिवे सुरू. आई सट घेऊन आली, सवयीने माथ्यावर तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला.

"हा तर गेला," ती म्हणाली.

"आई, वाजून राहिला ना!" मी ओरडलो, कारण त्या आवाजात ओरडल्याशिवाय ऐकू जात नव्हतं.

"वाजू दे. गेला." आणि सट उचलून ती पुन्हा कणकेच्या पिंपाकडे गेली.

त्या दिवसापासून बायकोने सूत्रं हाती घेतली. ती सराफ्यात जोडवी उजळायला गेली होती, आणि बसल्याबसल्या सोनाराला सरळ सांगून टाकलं की आमच्या सासूबाई रेडिओवर दही लावतात, रेडिओचा व्हॉल्व्ह गेला, दही मरायला टेकलं आहे. सोनार हसला, त्याचे कारागीर हसले, शेजारच्या दुकानातून एक जण खास हसायला आला. आणि हसून झाल्यावर सोनार म्हणाला की कांचघरला एक मराठी म्हातारे आहेत, कारखान्यात वायरलेस सेट दुरुस्त करायचे, त्यांच्याकडे पेटीभर व्हॉल्व्ह आहेत, पण देतीलच असं नाही. मला सहा दिवसांत जे जमलं नव्हतं, ते जोडवी उजळेपर्यंत झालं. बायकोने घरी येऊन हे सगळं सांगितलं, पण 'मी म्हटलं होतं ना' एवढं मात्र बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं रेडिओ आणि कचऱ्याची पिशवी घेऊन कांचघरला पोचलो. काका ऐंशीच्या पुढचे, डोक्याला मफलर, अंगात स्वेटर, स्वेटरवर स्वेटर. त्यांनी रेडिओ उघडून आतला बोर्ड पाहिला आणि चष्मा काढला. "ह्याचं पोट कोणी फाडलं?"

मी खाली मान घातली. त्यांनी पलंगाखालून ट्रंक ओढली. आत लहान मुलांचे लोकरीचे मोजे, शंभरेक असतील, आणि प्रत्येक मोज्यात एक व्हॉल्व्ह. "नातवंडं मोठी झाली, मोजे उरले," ते म्हणाले. चिठ्ठी पाहून त्यांनी एका पिवळ्या मोज्यावर हात ठेवला, पण बाहेर काढला नाही. "हा एकच आहे. काहून पाहिजे?"

"जुना साउंड, काका," मी सवयीने सुरू झालो. "विंटेज आवाजाची गोष्टच वेगळी. संग्रहात—"

काकांनी ट्रंक बंद केली. "शोपीसवाल्यांना नाही देत मी. दिवाणखान्यात ठेवतात, वर्षातून दोनदा पाहुण्यांसमोर लावतात. चलो, चहा घ्या अन् जा."

आयुष्यात पहिल्यांदा मला खरं बोलायची निकड होती आणि मी चपला शोधत होतो. बायको पुढे झाली. "काका, ह्यांच्या आईचं दही लागत नाही."

तिने सगळं सांगितलं, वर्ध्याचं विरजण, इटारसीचा डबा, पिंपातली तार. काका हसले नाहीत. आमची उलटतपासणी सुरू झाली.

"रोज लावता?"

"हिवाळाभर रोज. दोन तास, कधी तीन."

"आवाज?"

"बंद."

"म्हणजे काम पूर्ण अन् बडबड नाही," काका माझ्याकडे बघत म्हणाले. मग ट्रंक पुन्हा उघडली. "हे पहिले सांगायचं ना! कारखान्यात आम्ही सगळे डबे सेटवर ठेवून गरम करायचो. तपासणीला आलेला सेट जेवणाच्या सुट्टीपर्यंत मुद्दाम चालू ठेवायचा. रिपोर्टात लिहायचं, 'दीर्घकाळ चालवून पाहिला.' साहेब आमच्यावर खूश, अन् आमची भाजी गरम." त्यांनी समजावून सांगितलं की ह्या रेडिओतले पाचही व्हॉल्व्ह दिवाळीच्या दिव्यांच्या माळेसारखे एकामागोमाग जोडलेले, एक गेला की सगळे विझतात. आमचे चार धडधाकट होते, पिशवीत कचरा म्हणून पडलेले. त्यांनी ते एकेक पुसून मोज्यांत घातले. "जुनं वायरिंग पुन्हा करावं लागेल. चार दिवस द्या."

चार दिवस. ह्या माझ्या विंटेज साउंडच्या नादात एक आठवडा गेला नसता तर चार दिवस काहीच नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईने सट उघडला आणि झाकण परत लावलं. मी विचारलं, तर नुसतं म्हणाली, "वास येऊन राहिला." सट घेऊन ती अंगणात गेली, कढीपत्त्याच्या बुडाशी ओतला, नळाखाली धुतला आणि उन्हात पालथा घातला. रडली नाही, माझ्यावर चिडलीही नाही. दुपारी जेवताना शेवटचा भात तिने घेतलाच नाही. बायकोने डेअरीतलं पाकिटातलं दही आणून वाढलं. आईने बोटाने चाखलं, पाहुण्यांच्या घरी म्हणावं तसं "चांगलं आहे" म्हणाली आणि वाटी बाजूला सरकवली. मला इतकी लाज वाटली की मी माझ्या खोलीत जाऊन बसलो. सदतीस वर्षांत कचेरीतली एक फाइल मी हरवली नव्हती, आणि चार माणसं हसतील म्हणून आजीचं दही घालवून बसलो.

चौथ्या दिवशी काकांनी बोलावलं. मी रेडिओ घेऊन परत येईपर्यंत संध्याकाळ झाली, गल्लीत दिवे लागले होते. बटण फिरवलं. मिनिटभर काहीच नाही, मग डायल पिवळा उजळला. अर्ध्या तासाने आईने माथ्यावर तळहात ठेवला आणि तिचा चेहरा जरा सैलावला. सवयीने ती स्वयंपाकघरात गेली, दूध कोमट केलं, बोट बुडवून पाहिलं, सट आणून रेडिओवर ठेवला. मग आम्ही तिघं त्या सटाभोवती उभे राहिलो. रेडिओ गरम, दूध कोमट, आणि त्यात घालायला काही नाही.

"उद्या सकाळी बघू," मी म्हणालो.

"आतापर्यंत तूच बघत होतास," आई म्हणाली. तिने फडताळातून एक वाटी काढली, शाल पांघरली आणि चपला घालून निघाली. मला वाटलं कुठे जाते, म्हणून मागे गेलो. ती गल्ली ओलांडून भाभीच्या दारात उभी राहिली. साठ वर्षं जिने दुसऱ्यांच्या वाट्या भरल्या, ती रिकामी वाटी हातात घेऊन उभी होती.

भाभीने दार उघडलं. आईने वाटी पुढे केली. "विरजण दे गं," ती म्हणाली, आणि मग भाभीला समजावं म्हणून हिंदीत, "जामन चाहिए. मेरा मर गया."

भाभीने वाटीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि मग आईच्या डोक्यावरून गल्लीतल्या दिव्याकडे पाहिलं. मला कळलं. पस्तीस वर्षांनी पाळी आली होती. "अम्मा," ती सावकाश म्हणाली, "दिया-बत्ती तो हो गई."

आईची मान खाली गेली. "हाँ," ती म्हणाली, "हो गई." आणि वाटी शालीखाली घेऊ लागली.

तेवढ्यात भाभी आत गेली आणि खटकन मेन स्विच बंद केला. सगळं घर अंधारात. आतून भाभीच्या नवऱ्याचा मॅच बघता बघता ओरडल्याचा आवाज आला. "चुप रहो जी!" भाभी अंधारातच म्हणाली. मग मोबाइलच्या उजेडात, हातात पातेलं घेऊन बाहेर आली. "हमारे यहाँ तो अभी बत्ती जली ही नहीं. लाओ अम्मा, कटोरी." तिने दोन चमचे वाटीत घातले. "और ये आपका ही है. उसी दिन वाला. सेट-टॉप बॉक्स के ऊपर रखती हूँ, वो दिन भर गरम रहता है."

आईने तिथेच, उंबऱ्यावर, एक बोट वाटीत बुडवून चाखलं. डोळे मिटले. "आपलंच आहे," ती मला म्हणाली. मग भाभीच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "दूध में पानी मत डाला कर."

"नहीं डालती अम्मा! पैंतीस साल से सुन रही हूँ," भाभी म्हणाली, आणि दोघी अंधारात हसत सुटल्या. भाभीच्या नवऱ्याने स्विच सुरू केला तेव्हा दोघींचेही डोळे ओले होते. मी रस्त्याकडे बघत उभा राहिलो.

सकाळी सट उघडला तर घट्ट कवडीदार दही, पाण्याचा थेंब नाही. आईने सगळ्यात आधी दोन वाट्या भरल्या. एक भाभीकडे पाठवली. दुसरी माझ्या हातात दिली, वर फडकं बांधून. "ही कांचघरच्या काकांना दे. अन् सांग की रोज लावत जा म्हणावं, तुटू देऊ नका. घरात एकच असू नये कधी, व्हॉल्व्ह असो की काही."

मी वाटी दोन्ही हातांनी धरून ऑटोत बसलो. प्रत्येक खड्ड्याला मी तिच्यावर ओणवा होत होतो. शेजारी एक गृहस्थ बसले होते, इस्त्रीचा शर्ट, हातात फायली. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि शेवटी राहवलं नाही. "क्या ले जा रहे हैं भाईसाहब, इतना सँभाल के?"

"दही," मी म्हणालो. मग त्यांच्याकडे वळून नीट सांगितलं, "हमारी अम्मा रेडियो पर जमाती हैं."

ते हसले. ऑटोवालाही मागे वळून हसला. मी त्यांचं हसून होईपर्यंत थांबलो, कारण हसून झाल्यावर लोक कामाचं काहीतरी बोलतात हे मला आता कळलं होतं. आणि खरंच, फायलीवाले गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "थोड़ा जामन हमें भी मिलेगा क्या? हमारे यहाँ जमता ही नहीं."

"ज़रूर," मी म्हणालो, "पर दिन में आइएगा."